सातवं प्रकरण

"थांब. ते पुन्हा वाच," ताई म्हणाली.

नव्या मुलीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ताईला वाचून दाखवण्याच्या कामावर तिचा हा चौथाच दिवस. तिने घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं, "ही पत्रं कवीची नाहीत. ती त्याच्या धाकट्या बहिणीने लिहिली आहेत, हे पुढच्या वीस पानांत दाखवायचं आहे."

ताईचे हात टेबलावर होते तिथेच राहिले.

हाच तर तिचा शोध होता. सहा वर्षांच्या कामानंतर तिचा प्रबंध शेवटी या एका गोष्टीवर उभा राहिला होता. ताईला जन्मापासून दिसत नव्हतं. हा शोध तिला कानांनी लागला होता. कवीची वाक्यं डौलात येऊन थांबायची, पत्रांतली मात्र धाप लागल्यासारखी मध्येच तुटायची. डोळ्यांनी वाचणाऱ्यांना हे कधी ऐकूच आलं नाही, असं ती हसत सांगायची. मार्गदर्शक सरांनी तर भर सभेत तिची पाठ थोपटली होती. प्रबंध कालच बांधणीला गेला होता. एका अवतरणाचा पान क्रमांक तेवढा पुन्हा पडताळावा, म्हणून आज हे पुस्तक उघडलं होतं.

"पुस्तक कधीचं आहे?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं, ताई."

"आणि हे प्रकरण कितवं?"

"सातवं."

हे पुस्तक ताईने आधी ऐकलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, याच खोलीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वाचलं होतं रेडिओने.

विद्यापीठाच्या त्या ग्रंथालयात बरीचशी कामं विद्यार्थीच करत, आणि कामावरून त्यांना नावं पडत. काउंटरवर पुस्तकं देणारा तो शिक्का. फाटकी पुस्तकं चिकटवणारी ती खळ. ताईला वाचून दाखवणारी ती रेडिओ. रेडिओने पहिलं वर्ष कपाटांत पुस्तकं लावण्यात काढलं. मग ताईनेच तिला मागून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं रोज तीन तास ती वाचत होती. तिला सर्दी होणार हे तिच्याआधी ताईला कळायचं, इतका तो आवाज घरचा झाला होता. सध्या परीक्षेमुळे ती सुट्टीवर होती, म्हणून ही नवी मुलगी.

"तुला हे मिळालं कुठे? शिक्का तर दर वेळी सांगायचा, कोणीतरी घरी नेलंय."

"दुरुस्तीच्या खोलीत होतं, ताई. खळच्या कपाटात, अगदी तळाला. काल तिच्या जागी मला बसवलं होतं, तेव्हा दिसलं. बांधणी तर चांगली शाबूत आहे..." बोलता बोलता मुलीचा आवाज बारीक झाला.

ताईने आधी बांधणीवाल्याला फोन केला आणि काम थांबवायला सांगितलं. मग रेडिओला बोलावून घेतलं.

रेडिओ अभ्यास टाकून धावत आली. दारात मात्र तिची पावलं थबकली. नेहमीसारखं "आले हं ताई" तिने म्हटलं नाही. टेबलावरचं पुस्तक तिला दिसलं असणार.

"सातवं प्रकरण वाचलं होतंस मला?"

"नाही."

"सहाव्यावरून सरळ आठव्यावर गेलीस."

"हो." आणि मग ती भडाभडा बोलायला लागली. "तुम्ही त्या दिवशी इतक्या खुश होतात, ताई! सकाळी ती पत्रं पुन्हा वाचून घेतलीत आणि माझे हात धरून म्हणालात, सापडलं गं, सापडलं. आणि दुपारी हे समोर आलं. माझी जीभच उचलेना. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहूनच गेलं."

"आणि शिक्का? खळ?"

"मीच त्यांना गळ घातली. तुम्हाला वाईट वाटू नये, एवढंच सगळ्यांना वाटत होतं."

म्हणजे रोज सकाळी "कुठवर आलं, ताई?" म्हणून विचारणाऱ्या या पोरांना सगळं ठाऊक होतं. अख्ख्या ग्रंथालयाने ते प्रकरण वाचलं होतं. वाचायची राहिली होती ती एकटी. दोन वर्षांत या मुलीने किती पुस्तकं वाचली, ताई आठवू लागली. त्यांतल्या एकाचीही आता तिला खात्री देता येत नव्हती.

तरी शेजारी मुसमुसणारा तो आवाज ऐकून तिला कठोर होता येईना. विशीतली मुलगी. जीव लावला आणि त्यापायी घोळ घालून बसली. प्रबंध आता नव्याने लिहावा लागणार, मुदत वाढवून घ्यावी लागणार. सर रागावतील, पण सांभाळून घेतील. आजवर प्रत्येक अडचणीत तेच पाठीशी उभे राहिले होते.

"डोळे पूस," ती म्हणाली. "सरांशी मी बोलेन. तुझं नाव येऊ देणार नाही."

रेडिओचं मुसमुसणं थांबलं.

"काय गं?"

"सरांना माहीत आहे, ताई. त्याच संध्याकाळी मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. वाचू नकोस असं त्यांनीच सांगितलं."

"का?"

"जाऊ दे ना, ताई."

"ते जे म्हणाले तेच सांग. एकही शब्द गाळू नकोस."



"म्हणाले, आंधळ्या बाईला नापास कोण करणार आहे?"