उलट्या दिवसाची हजेरी

सालेकशाजवळच्या एका शाळेत त्या दिवशी उलटा दिवस साजरा होत होता. चौथीतली पोरं शर्ट उलटे घालून, फळ्याकडे पाठ करून बसली होती. अल्का मॅडमनी नियम सांगितला होता, आज सगळं उलटं बोलायचं. जो वर्गात आहे त्यानं 'गैरहजर' म्हणायचं.

मॅडम एकेक नाव घेत गेल्या. पोरं हसत हसत 'गैरहजर' ओरडत होती. सवयीनं दुर्पताचंही नाव तोंडून निघालं. ती तर तापानं आठवडाभर गोंदियाच्या दवाखान्यात होती.

"हजर, मॅडम."

आवाज खिडकीजवळच्या तिच्या रिकाम्या जागेवरून आला. वर्गातलं हसणं थांबलं.

"कोण बोललं?"

"दुर्पता बोलली," तिच्या शेजारी बसणारा गुलशन म्हणाला.

"काऊन खोटं बोलून राहिला रे?"

गुलशन हळूच त्या जागेपासून दूर सरकला.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. दुर्पताचा बाप मनीराम बोलत होता.

"पोरगी बरी झाली, मॅडम. आत्ताच उठून बसली."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना मनीरामच्या मागचा आवाज ऐकू आला. बायका हंबरडा फोडून रडत होत्या.

"मनीरामभाऊ, तिथं कोण रडून राहिलं?"

"कोणीच नाही, मॅडम," मनीराम शांतपणे म्हणाला. "सगळे हसून राहिले."