विमानाचं कपाळ

"सर, उंचीचे दोन्ही काटे चार हजार चारशे फूट दाखवताहेत. जीपीएस म्हणतंय चार हजार दोनशे."

रेडिओतून ओवीचा आवाज आला, तशी सुहासिनीच्या हातातल्या तबकातली निरांजनाची ज्योत हलली.

रेडिओच्या खोलीत ओवीचे शिक्षक सुरेंद्र सर खुर्चीत मागे टेकले. "दोनशेचा फरक असतोच, बाळा. काटे हवेच्या दाबावरून उंची सांगतात, जीपीएस उपग्रहावरून. दोघांचा हिशेब वेगळा. तू काट्यांवर चाल."

"बरं सर. खाली सगळे ढग आहेत. उतरायला सुरुवात केलीय."

"घाबरू नका वहिनी," सर सुहासिनीला म्हणाले. "तुमचं मौन आहे, पण लेक दोघींच्या वाटचं बोलतेय."

सुहासिनी हसली नाही. महाळुंग्याच्या कारखान्यांमागे क्लबची ही एवढीशी धावपट्टी. आज खंडेनवमी, त्यामुळे भोंगे बंद आणि शेडोशेडी यंत्रांना हार. ओवीचं एकटीचं पहिलंच लांबचं उड्डाण. लेकीची चाकं जमिनीला टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं सुहासिनीनं पहाटे देवीपुढं ठरवलं होतं. एकोणीस वर्षांत तिचं एकही व्रत मोडलं नव्हतं.

उड्डाणाआधी तिनं विमानाची पूजा केली होती. कासारवाडीच्या घरच्या वर्कशॉपमधल्या लेथला कुंकू कुठं लावायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. इथं मात्र अंगठा अडला.

"आई, विमानाला कपाळ नसतं गं," म्हणून ओवी हसली आणि आत जाऊन बसली. विमानाची तपासणी तिनं आधीच केली होती.

मग सुहासिनीला ते दिसलं. डाव्या अंगाला, दाराच्या पुढं, रंगानं आखलेला छोटा लाल गोल. मधोमध नाक टोचल्यासारखं बारीक भोक. भोवतीची अक्षरं पुसून गेलेली. कुणीतरी जागा राखूनच ठेवली होती. तिनं तिथं ओलं कुंकू अंगठा भरून लावलं आणि वर अक्षता दाबल्या.

"सर, काटे चार हजार दोनशे. जीपीएस तीन हजार सातशे."

सर सरळ बसले. "दोन्ही काटे सारखेच आहेत ना?"

"अगदी सारखे."

"मग झालं तर. दोन साक्षीदार एकच बोलताहेत, तिसरा चुकतोय. वाटेतला देवीचा डोंगर तीन हजार तीनशे. तू बरीच वर आहेस. ये अशीच."

बोलणं ठाम होतं, पण सर उठून खिडकीशी गेले. पश्चिमेचा डोंगर ढगात बुडाला होता. माथ्यावरचं देऊळही दिसत नव्हतं.

सुहासिनी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होती. बाहेर दुसरं विमान उभं होतं, बिनपूजेचं. एकाला कुंकू, दुसरं तसंच. पूजा अर्धी राहिली, म्हणून तर हे नाही ना? ती तबक घेऊन भराभर तिकडं गेली. तोच लाल गोल. तिनं कुंकवात अंगठा बुडवला.

पंखा पुसणाऱ्या चिमाजी मेकॅनिकनं धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"ताई, तितं नगं! त्या भोकातनं बाहेरची हवा आत जाती. दोन्ही काट्यांची नळी तितंच येती. त्ये अर्धंमुर्धं जरी तुंबलं तरी इमान खाली येतं आन् काटं मागं, वरच ऱ्हात्यात. दोन्ही संगंच खोटं बोलत्यात."

तबक खाली पडलं.

ती खोलीत पोचली तेव्हा ओवी बोलत होती. "चार हजार शंभर, सर. जीपीएस तीन हजार चारशे. बाहेर काहीच दिसत नाहीये. काट्यांवरच चालू ना?"

सरांनी माइक तोंडाशी नेला. सुहासिनीनं त्यांचा हात धरला. दारात देवीचं आणि लेकीचं, दोघींचं नाव तिच्या घशाशी एकदमच आलं होतं. पण ती बोलली ते वेगळंच.

"जीपीएस खरं बोलतंय. त्या दोन्ही काट्यांचं तोंड मी बंद केलंय."

सरांनी तिच्या लाल अंगठ्याकडं पाहिलं. मग ते ओरडले, "ओवी, वर! पूर्ण ताकद लाव, वर घे!"

रेडिओ खरखरला. नुसताच खरखरत राहिला. सुहासिनीचं मौन मोडलं होतं आणि लेकीची चाकं अजून हवेत होती. तिनं लाल अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला.

"सर..." ओवीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घेतलंय वर. आत्ता चाकांखालून देवळाचा झेंडा गेला."