चाळीस दिवसांची तलवार

घड्याळजीने माळ्यावरून एक लांबट पेटी खाली काढली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली. पेटीवर बोटभर धूळ होती. आत कापडात गुंडाळलेली तलवार.

"फेब्रुवारीत आणली," तो म्हणाला. "ऑनलाइन लिलावात मिळाली. तुला सांगितलं नव्हतं."

मग त्याने फोनवरची जाहिरात वाचून दाखवली. तलवार शापित आहे. ती ज्या घरात जाते, त्या घरातलं सगळ्यांत मोठं माणूस चाळीस दिवसांत जातं. घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी.

बायकोची आई त्यांच्याकडेच राहायची. ती तीन मार्चला गेली होती.

गेले दोन महिने बायको त्याचं खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडत होती. ती कपडे शिवायची. त्या दिवशी मशीनपुढची खुर्ची मोडली, म्हणून न्हाणीघराच्या दाराशी असायचं ते स्टूल तिने उचलून आणलं. आईला अंधुक दिसायचं. उंबरठा ओलांडताना ती रोज त्या स्टुलावर हात टेकायची. त्या दुपारीही तिने सवयीने हात टेकला, आणि तिथे काहीच नव्हतं.

तेव्हापासून मशीनवर चादर पडली होती. बायको ताटावर बसायची आणि तशीच उठायची. बोलायची ते एकच, स्टूल मी उचललं. घड्याळजीने परोपरीने समजावलं आणि शेवटी समजावणं सोडून दिलं.

आणि आता ही तलवार.

"घ्यायच्या आधी वाचलं होतंत तुम्ही हे?"

"वाचलं होतं. हसलो. मुठीच्या टोकाचा गोळा ढिला होता, तो आली त्याच दिवशी घट्ट बसवला आणि ठेवून दिली माळ्यावर."

मग दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. विषाची परीक्षा घ्यायला माझीच आई सापडली का, असं तिने विचारलं. जगाची वेळ दुरुस्त करता आणि स्वतःच्या घरावर आलेली वेळ कळत नाही, असंही ती म्हणाली. हे वाक्य तिला इतकं जमून आल्यासारखं वाटलं, की फोनवर भावाला तिने ते पुन्हा ऐकवलं.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर निघाली.

भाऊ घुश्शातच आला. शापबिप त्याला पटत नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, इतकंच, असं तो म्हणाला. पण घरात म्हातारं माणूस असताना असली वस्तू आणावीच कशाला, हे त्याने भाऊजींना तीनदा विचारलं. भाऊजी मान खाली घालून एक घड्याळ पुसत राहिले.

घड्याळजी तसा मुळातच अबोल. हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुईच्या टोकाने तारीख कोरायची, ही त्याची एकच खोड. घड्याळाच्या झाकणाआड, कुकरच्या दांड्याखाली, कुठेही. "माझ्या मानेवर नाही ना कोरलीत लग्नाची तारीख?" असं बायको पूर्वी विचारायची, आणि तो चष्मा लावून खरंच मागून बघायचा.

आता ती चेष्टाही बंद पडली. ती शिवायची, जेवायची, शेजारणींशी हसायची. त्याच्यासमोर मात्र ताट आपटून ठेवायची. जूनमध्ये तिने सांगितलं, की तुमचं तोंड बघवत नाही, मी भावाकडे राहायला जाते.

"कायमची?"

"माहीत नाही."

"मशीन घेऊन जा मात्र," तो म्हणाला, आणि तेलाची कुपी घेऊन मशीनपाशी बसला.

भाऊ दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. जाण्याआधी ती तलवार घराबाहेर काढायची, असं तिने ठरवलं. जिथून आली तिथेच, लिलावात. दुसऱ्याच्या घरात मरण ढकलतोय, हे मनाला टोचत होतं. म्हणून तिने वर्णनात आधी लिहिलं, की घरात म्हातारं माणूस असेल तर घेऊ नये. मग ती फोटो काढू लागली. पात्याचा, मुठीचा. कुठे शिक्का किंवा खूण असेल तर तिचाही फोटो लिलाववाल्यांनी मागितला होता. वर कुठेच काही दिसेना, म्हणून तिने मुठीच्या टोकाचा गोळा फिरवून काढला.

खिडकीपाशी जाऊन तिने तो उजेडात धरला. सुईत दोरा ओवणारे डोळे, चष्म्याची गरजच नव्हती. गोळ्याच्या आत ओळखीच्या बारीक अक्षरात खाली चालू साल होतं, आणि वर, १९ एप्रिल.