लक्ष्मम्माच्या नावाची पोती

पोत्यामागं आठ हजार नफा. पोती सहा. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, आणि गोदाम घरचं, त्यामुळे भाड्याचा छदाम नाही. संगमेश्वरनं हा हिशेब उदगीरहून लातूरला येईस्तोवर चारदा केला होता. आता समोर तनुजा त्याच पोत्यांतली कॉफी चमच्यानं भुरकून चव बघत होती, आणि तो पाचव्यांदा करत होता. बूड खुर्चीला टेकेना.

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याची अडत. तुरीनं त्याला एकच शास्त्र शिकवलं होतं: हंगामात घ्यावं, आवक आटली की काढावं. जानेवारीत चिकमगळूरकडं सोयऱ्याच्या घरी लग्नाला गेला, तिथं शेजारच्या बागवाल्या लक्ष्मम्माची कॉफी वाळताना पाहिली आणि हेच शास्त्र लावून सहा पोती घेतली. पिकून लाल झालेलंच फळ ती हातानं वेचायची, उंच जाळीवर पसरायची, दिवसातून दहादा परतायची. भावात तिनं फार ताणलं नाही. कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, पोत्यावर माझं नाव राहू द्या. तुम्ही सांगता त्या लातूरच्या भट्टीवालीला आवडली तर ती थेट मला शोधत येईल. संगमेश्वरला हसू आलं. मोंढ्यात एकदा तुरीची रास पडली की कुणाचं शेत आणि कुणाचं नाव.

ती भट्टीवाली म्हणजे तनुजा. लातुरात कॉफी भाजून विकायची. मार्चपासून तिचे फोन सुरू होते: काका, माल धाडा, पावसाळ्याआधी भाजली तरच हिचा वास. संगमेश्वर म्हणायचा, आवक तर संपू दे. जूनमध्ये गोदामात ओल चढली, तसा त्यानं घरच्या ज्वारीत घालतो तसा पोत्यापोत्यात कडुलिंबाचा पाला घातला. सप्टेंबर उजाडला, भाव चढला. काल त्यानं पानन् पान वेचून काढलं. माल कसा लख्ख दिसला पाहिजे.

तनुजानं घोट थुंकला. दुसरी वाटी घेतली, तिसरी घेतली, मग चमचा खाली ठेवला. कडू आणि कुबट, म्हणाली. तुमच्या भावानं नाही, साध्या भावानं घेते. चिकोरीत मिसळून खपेल. साधा भावसुद्धा तेजीत होता. पोत्यामागं दोन हजार तरी सुटत होते. संगमेश्वरचा जीव अर्धा भांड्यात पडला.

"पर एक खरं सांगा, काका." तनुजानं वही ओढली. "दोष बागेचा हाय का गोदामाचा? कॉफी चवीला उतरली असती तर पोत्यावर जिचं नाव हाय, त्या बाईच्या अख्ख्या बागेचा माल मी डिसेंबरात धरणार होते. बागेचा असंल तर तिकडं जायचं न्हाई. गोदामाचा असंल तर तुमच्याकडं यायचं न्हाई."

संगमेश्वरनं पंख्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, चपलेत पाय सारला.

"मालच तसा आला व्हता, बाई."

तनुजानं वहीत लक्ष्मम्माच्या नावावर एक रेघ मारली.

तो जिना उतरला नाही तोच फोन वाजला. लक्ष्मम्मा. यंदा झाडं लगडलीत, म्हणाली. बंगळूरचा व्यापारी सकाळपासून दारात बसलाय, पण मी शब्द दिला नाही. त्या पोरीला माझी कॉफी कशी लागली?

चांगली लागली, तो म्हणाला, आणि रेंज नसल्यासारखा फोन ठेवला.

त्याला पोत्यामागं दोन हजार सुटले. तनुजाचा डिसेंबरचा हेलपाटा वाचला. लक्ष्मम्मानं बंगळूरच्या व्यापाऱ्याला त्याच दुपारी माघारी धाडलं.