आटे कोरडे ठेवायचे नाहीत

जयसिंगरावांनी हँडब्रेक सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. गिअर टाकून पाहिला. फियाट जागच्या जागी गुरगुरली आणि बंद पडली.

"जाम झालाय," त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून जाहीर केलं.

"मग रिक्षानं जाऊ," आतून विमलबाई म्हणाल्या. उत्तर जरा लवकरच आलं.

संध्याकाळच्या गाडीनं नयना मुलांना घेऊन येणार होती, आणि लेकीला स्टेशनवरून आणायला आजवर फियाटच गेली होती. गेल्या महिन्यात मांडवीपाशी एका सायकलवाल्याला ती घासली. तो उजवीकडून आला होता, आणि जयसिंगरावांना उजव्या डोळ्यानं हल्ली धड दिसत नव्हतं. 'तोच मधे कडमडला' असं ते अजून सांगत. विमलबाईंनी दोनदा विषय काढून सोडून दिला होता. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं!

"काका, मिकॅनिकने बोलावुं?" शेजारच्या हसमुखभाईंनी कुंपणावरून गुजरातीत विचारलं.

"ना रे भाई. आपणी गाडी आपणे ज करवानी."

सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. दुसऱ्याचा हात गाडीला लागू देईल तर शपथ. त्यांनी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक दिला, लाकडी ठोकळे सरकवले आणि गोणपाट अंथरून पाठीवर खाली शिरले. एरवी बाहेर बसून पाने द्यायचं काम विमलबाईंचं. मागायच्या आधी नेमका पाना हातात येई. आज त्या बाहेर आल्या नाहीत.

ब्रेक गंजून धरला असणार, हा त्यांचा अंदाज. केबलचा नट सैल करायचा, ड्रमवर चार ठोके घालायचे, की झालं. पण नटावर मुंग्या होत्या. चांगली रांग लागली होती. त्यांनी फुंकर मारून त्या उडवल्या आणि पाना लावला, तर नट कुरकुर न करता फिरला. नको तितका आवळलेला होता, इतकंच. आट्यांवर काहीतरी ओशट लागलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

तूप. तेही साजूक.

नट आवळला की आटे कोरडे ठेवायचे नाहीत, पुढच्या वेळी उघडताना त्रास होतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. घरातलं ग्रीस दिवाळीतच संपलं होतं.

काल ते खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेले होते. तेवढ्या वेळात, गुडघे धरून जिना चढणारी ही बाई इथे, याच गोणपाटावर आडवी झाली होती. त्यांना राग आला. चांगलाच आला. कोपराला गोणपाट टोचत होतं. तिलाही टोचलं असेल, असं मनात आलं आणि राग निम्म्यावर आला.

नट पुरता सैल झाला. त्यांनी हात लांब करून चाक ढकललं. ते मोकळं फिरलं, कितीतरी वेळ फिरत राहिलं. नयनाची मुलं पुढच्या सीटवर बसायला भांडत. आजही भांडली असती.

चाक थांबलं. जयसिंगरावांनी पाना उलटा लावला आणि नट पुन्हा आवळला. तिच्यापेक्षा थोडा जास्तच.

"विमल!"

"काय हो?"

"रिक्षाच सांग. नाही सुटत हा."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि जरा तूप आण."

मग चाकाशेजारून बांगड्यांचा हात आत आला, नेहमीसारखा नेमका, त्यांच्या तळव्यापाशी. हातात तुपाची वाटी होती.