तीन मांजरांचं मशीन

"भैया, ऐसा दिखाओ, जिसका खाना उसी के लिए खुले," पंचशीला बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या दुकानदाराला म्हणाली.

दुकानदाराने काउंटरवर पांढरे डबे मांडले. मांजराच्या गळ्यात बिल्ला अडकवायचा. ते जवळ आलं की त्याच्याच डब्याचं झाकण सरकतं, दुसरं आलं की बंद राहतं. वेळ लावून ठेवली की मोजकं खाणं आपोआप पडतं.

खंडू बायकोच्या मागे उभा होता. घरात मांजरं तीन. पाटील नावाचा बोका स्वतःचं संपवून दुसऱ्यांच्या ताटलीत तोंड घालायचा. शेवंतीला मुतखड्यामुळे वेगळं खाणं लागायचं. ठिपकी भित्री, जरा खुट्ट झालं की पलंगाखाली. दुकानदाराने कोण किती खातं ते विचारलं, तेव्हा पंचशीला नवऱ्याकडे बघत राहिली. सगळं खंडूनेच सांगितलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो घरीच असायचा. पंचशीला सकाळी भाईंदरला एका दवाखान्यात कामाला जायची, ती संध्याकाळी यायची. मांजरांचं खाणंपिणं त्याच्याकडेच. मग घरात माणूस असताना मशीन कशाला?

त्याने मनाशी जुळवून पाहिलं होतं. मध्यंतरी पुतण्या अमोलचा नांदेडहून फोन आला होता. तिथल्या पोरांना लिफ्टचं काम शिकवायचा वर्ग त्याने काढला होता, शिकवायला काका हवे होते. या वयात घर सोडून कुठे जायचं, म्हणत खंडूने नकार दिला. त्यानंतर मात्र तो दिवसभर टीव्हीसमोर बसून राहायचा, कशावरूनही कुरकुरायचा. पंचशीलाने बोलणंच कमी केलं. हल्ली ती गॅलरीचं दार ओढून घेऊन फोनवर बोलायची. काल कपाटामागे त्याला नवीकोरी बॅग दिसली. कंटाळली बिचारी. मांजरं घेऊन नेरूळला बहिणीकडे निघाली असणार. तिथे दिवसभर कोणी नसतं, म्हणून मशीन.

"हे नको," दुकानदाराने चालू केलेल्या मशीनकडे बघत तो एकदम म्हणाला. "आवाज फार करतंय. ठिपकी जवळ फिरकणार नाही."

दुकानदाराने दुसरं चालू करून दाखवलं. खंडूने कान लावला, झाकणाची पट्टी बोटाने चाचपली, पुन्हा एकदा उघडायला लावलं. मोटर शांत होती. माणसांचं काही का होईना, मुक्या जिवांचे हाल नकोत.

"हे घे," तो म्हणाला. "तीन लागतील."

खोकी मांडीवर घेऊन दोघं रिक्षात बसली. सिग्नलला रिक्षा थांबली आणि खंडूला राहवलं नाही.

"शीला, माझंच चुकलं. कळतंय मला. पण तू जाऊ नकोस. मांजरं राहतील गं मशीनवर. मी नाही राहू शकणार."

पंचशीलाने त्याच्या मांडीवरचं घसरणारं खोकं नीट केलं.

"मी कुठे जातेय?" ती म्हणाली. "सोमवारी नांदेडला तुम्ही निघताय. अमोलला मी कधीच हो सांगितलंय."