नव्या बिऱ्हाडाच्या वड्या

गल्लीच्या तोंडाशीच ग्वोनसाहेबांच्या नाकात लाल चवळीची वाफ शिरली आणि त्यांची कळी खुलली. तांदळाच्या पिठावर चवळीचा भरडा पसरून वाफवलेल्या वड्या सोल शहरातल्या या गल्लीत एकाच कारणानं वाटतात. नवं बिऱ्हाड आलं की, नव्या माणसानं, दारोदार.

वास सात नंबरच्या इमारतीतून येत होता. म्हणजे तिथली जुनी भाडेकरू मालसुन आजी जागा सोडून गेली एकदाची! ग्वोन घरांचे दलाल. तीन वर्षं त्यांचा या इमारतीवर डोळा होता. मागची रेल्वे जमिनीखाली गेली, रुळांच्या जागी बाग झाली आणि गल्लीतली एकेक इमारत कॉफीवाल्यांनी गिळली. जन्मभर गाड्यांची धडधड सोसलेल्यांनी बागेत पाखरं आली तेव्हा वाढत्या भाड्यापायी गाशा गुंडाळला. सात नंबरचे अकरा भाडेकरू तेवढे चिवट निघाले. रोज दुपारी खालच्या न्हाव्याच्या दुकानात जमायचे. "म्हातारे पत्ते कुटतात," असं ग्वोन हसून सगळ्यांना सांगायचे.

नव्या बिऱ्हाडाशी ओळख करून घ्यावी म्हणून ते जिना चढले. दार उघडलं ते मालसुन आजीनंच. अंगात सणासुदीचं जाकीट, हातात वाफाळती ताटली.

"आजी, तुम्ही अजून इथंच? मालकानं इमारत विकली ना?"

"विकली की. आम्हालाच!" आजी म्हणाली. "अकरा जणांची सोसायटी केली. पालिकेनं हातभार लावला. काल शिक्का बसला. आता ही इमारत कुणाला विकता यायची नाही, की आम्हाला काढता यायचं नाही. पत्ते कुटत होतो ना आम्ही? जिंकलो बघा."

 पण हार मानणं ग्वोनसाहेबांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"अहो, पण या वड्या नव्या माणसानं वाटायच्या असतात. तुम्हाला इथं एकतीस वर्षं झाली. रीत विसरलात की काय?"

आजीनं खिडकीकडे बोट दाखवलं. सामान बांधायची जाड दोरी इतकी वर्षं तिच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेली असायची. कधी निघावं लागेल, नेम नव्हता. आज ती खिडकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली होती आणि तिच्यावर धुणं वाळत होतं. खाली बाग होती.

आजीची मान ताठ होती. का नसावी?

"एकतीस वर्षं नुसता मुक्काम होता हो," तिनं ताटली त्यांच्या हातात ठेवली. "राहायला आज आले."